एकटीचा हिशेब

लग्न होऊन मी या घरात आले ती १९७७ सालच्या वैशाखात. पहिल्या तारखेला ह्यांनी पगार माझ्या हातावर ठेवला आणि त्याच्याबरोबर लाल बांधणीची एक वही दिली. म्हणाले, "पैसे कमी पडले तर मला विचारू नकोस, हिला विचार." तेव्हापासून मी वहीला विचारीत आले आहे. एक वही भरली की दुसरी. आजवर सदतीस झाल्या. दुधाचा रतीब, शाळेच्या फिया, नणंदेच्या डोहाळजेवणाचा खर्च, १९८९ साली सदाशिव पेठेत घेतलेल्या ब्लॉकचे हप्ते, सगळे त्यांत आहे. लोक रोजनिशी लिहितात म्हणे. मला कधी जमले नाही. पण कुणी माझे आयुष्य वाचायला मागितले, तर या वह्या पुढे करायला मला संकोच वाटणार नाही. लक्ष्मीपूजनाला व्यापाऱ्याच्या चोपडीला हळदकुंकू वाहतात, तसे आमच्याकडे माझ्या वहीला वाहिले जाते. हे थट्टेने म्हणतात, "आमच्या पेढीच्या मालकीणबाईंचा जमाखर्च!" थट्टा खरी, पण फूल वाहताना डोळे मिटतात तेही.

अशी ही वही दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा निरुत्तर झाली. प्रश्न साधा होता: म्हातारपणाला महिना किती रुपये लागतात?

प्रश्न विचारण्याची वेळ आणली ती जिन्याने. आमचा ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. पायऱ्या चोपन्न. घर घेतले तेव्हा मी त्या मोजल्याही नव्हत्या. एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या कडेवर मुलगी घेऊन दिवसातून चारदा चढत होते. पायऱ्या मोजायला माणूस लागतो ते गुडघे बोलू लागल्यावर. २०२३ च्या पावसाळ्यात हे दुसऱ्या वळणावर घसरले. मोडले काही नाही, पण तीन आठवडे घरात बसावे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत आमच्या दोघांच्याही लक्षात आले की आपण घरात राहत नसून घरात अडकलो आहोत. खिडकीतून रस्ता दिसे. रस्त्यावर ओळखीची माणसे दिसत. त्यांच्याशी बोलायचे तर मध्ये चोपन्न पायऱ्या.

मुलगा बंगळूरला असतो. तो म्हणाला, "आई, तुम्ही दोघे इकडे या." गेलो. चार महिने राहिलो. सून गुणाची, नातू लाघवी, घर अकराव्या मजल्यावर आणि लिफ्ट अशी की बोट लावायचा अवकाश. पण सकाळी साडेआठला घर रिकामे होई ते संध्याकाळी सातपर्यंत. ह्यांना बोलायला माणूस नाही, मला भाजीवालीशी घासाघीस करायला भाषा नाही. चौथ्या महिन्यात हे एके दिवशी म्हणाले, "आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याने मला पाहून 'काय साहेब, बरेच दिवसांनी' असे म्हटलेले ऐकायचे आहे." मी मुकाट्याने बॅग भरायला घेतली. मुलीचेही बोलावणे होते, नाशिकहून. तिच्या घरी सासूसासरे आहेत. त्यांच्या म्हातारपणात आपले म्हातारपण नेऊन ठेवायचे म्हणजे एका देव्हाऱ्यात दोन कुलदैवते.

तेव्हा तिसरी वाट पाहणे आले. पुण्याला पेन्शनरांचे गाव म्हणत आले आहेत. पूर्वी पेन्शनर पर्वतीवर, तळ्यातल्या गणपतीला आणि लकडी पुलावर भेटायचा. आता तो पाषाण, भूगाव, तळेगाव अशा दिशांना, शहराच्या काठाकाठाने उभ्या राहिलेल्या वसाहतींत राहायला जातो. तिथे फक्त वडीलधारी मंडळीच राहतात. ज्याचा त्याचा स्वतंत्र ब्लॉक, दाराला ज्याचे त्याचे कुलूप. जेवणाची पंगत खाली, न्हाणीघरात धरायला दांडा, न घसरणारी फरशी, चाकाची खुर्ची जाईल इतके रुंद दार आणि पलंगाशी घंटेचे बटण. मी ही गोष्ट आमच्या नात्यात बोलून दाखवली, तेव्हा एक आत्याबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "दोन मुले असून वृद्धाश्रमात का ग?" मी म्हटले, "आत्या, वृद्धाश्रमात आपल्याला कुणी ठेवते. इथे आपण आपल्या पैशाने जातो." त्यांचे समाधान झाले नाही. खरे म्हणजे माझेही पुरते झाले नव्हते, कारण 'आपल्या पैशाने' हे शब्द मी मोठ्या तोऱ्यात उच्चारले खरे, पण तो पैसा पुरतो की नाही हे कुणी पाहिले होते?

पुढचे सात-आठ महिने आमचे रविवार हेच पाहण्यात गेले. हे पाटबंधारे खात्यात हिशेबाच्या बाजूला होते. २००७ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. निवृत्त झालेल्या हिशेबनिसाला तपासायला नवा कागद मिळाला की त्याचे वय दहा वर्षांनी उतरते. आम्ही सहा वसाहती पाहिल्या आणि सहांची माहितीपत्रके घेऊन आलो. माहितीपत्रकावर नेहमी एक पांढऱ्या केसांचे जोडपे हसत असते. त्यांचे दात पाहून मला पहिल्यांदा दंतवैद्याच्या खर्चाची आठवण होई.

त्या पत्रकांतून आम्हाला जे कळले ते थोडक्यात सांगते, कारण दिवाळीत घरोघरी चार माणसे जमतात आणि हे बोलायला तीच वेळ बरी असते. अशा ठिकाणी राहण्याच्या तऱ्हा तीन. पहिली, ब्लॉक विकतच घ्यायचा. मग मुद्रांकशुल्क, नोंदणी हे सगळे इतर घरासारखेच. शिवाय दरमहा देखभालीचा आकार. घर आपले, पण राहायचे ते ठरलेल्या वयापुढच्यांनीच. मुलांना ते वारशाने मिळते, पण त्यांचे केस पिकेपर्यंत त्यांना तिथे राहता येत नाही. विकायचे तर गिऱ्हाईकही म्हातारेच शोधायचे. दुसरी तऱ्हा, मोठी अनामत रक्कम भरायची आणि हयातभर राहायचे. घर त्यांचे, राहण्याचा हक्क आपला. आपल्यामागे अनामत काही कपात होऊन वारसांना परत. तिसरी, सरळ भाडे.

ब्लॉक विकत घ्यायचा तर सदाशिव पेठेतला विकावा लागणार होता, आणि या वयात एकदा विकलेले घर पुन्हा होत नाही. म्हणून पहिली तऱ्हा आम्ही बाजूला ठेवली. दुसरी ह्यांना फार आवडली. भूगावच्या बाजूच्या एका वसाहतीत दोन खोल्यांचा एक ब्लॉक होता, पूर्वेला सज्जा, सज्जातून डोंगर. अनामत पंचवीस लाख, बिनव्याजी. सेवेचा आकार, कर धरून, दरमहा ३४,००० रुपये. जेवणाचे माणशी ९,००० वेगळे. हे सज्जात उभे राहिले, डोंगराकडे पाहत म्हणाले, "इथे चहा घ्यायचा." चाळीस वर्षे ज्यांनी दुसऱ्याच्या धरणांचे हिशेब केले त्यांना एक डोंगर मिळावा, असे मलाही वाटले.

घरी आल्यावर मात्र हिशेबनीस जागा झाला. "बिनव्याजी म्हणजे फुकट नव्हे," हे मला समजावू लागले. "हेच पंचवीस लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेत ठेवले तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला दोन लाख पाच हजार येतात. म्हणजे महिन्याला सतरा हजार. ते आपण सोडणार. तेव्हा या घराचे खरे भाडे चौतीस नाही, एक्कावन्न हजार." मला हे पटले, आणि कुठल्याही माहितीपत्रकात ते लिहिलेले नव्हते हेही लक्षात आले.

तरीही बेरीज जमत होती. ह्यांचे निवृत्तिवेतन महागाई भत्ता धरून ५२,०००. सदाशिव पेठेतला ब्लॉक भाड्याने दिला तर २०,०००. ह्यांच्या नावावर त्याच बचत योजनेत पंधरा लाख होते, त्यांचे व्याज महिन्याकाठी १०,२५०. एकूण ८२,२५०. खर्चाच्या बाजूला सेवा ३४,०००, दोघांचे जेवण १८,०००, वीज अडीच हजार, औषधपाणी आठ हजार, जुन्या ब्लॉकची सोसायटी आणि घरपट्टी तीन हजार, आणि चहा, वर्तमानपत्र, फोन, रिक्षा, आहेर-माहेर मिळून नऊ हजार. एकूण ७४,५००. शिल्लक ७,७५०. ह्यांनी शिलकेखाली दोन रेघा ओढल्या. दोन रेघा ओढल्या म्हणजे ह्यांच्या दृष्टीने विषय संपला.

माझा संपला नाही. पण का संपला नाही ते मला त्या रात्री सांगता आले नाही. सांगते ते आता.

माझी थोरली जाऊ अशाच एका वसाहतीत राहत होती. भावजींनी हौसेने घर घेतले होते. करार त्यांच्या नावाने, खाते त्यांच्या नावाने, फोनसुद्धा त्यांच्याच नावाने. तीन वर्षे दोघे मजेत राहिले. मग भावजी गेले. तेराव्याच्या दिवशी मी तिथेच होते. खालच्या कचेरीतून महिन्याचे बिल आले आणि जाऊबाईंनी ते हातात घेऊन मला विचारले, "अग, एक माणूस गेले, मग बिल अर्धे नको का यायला?" मी वाचून पाहिले. जेवण एकाचे झाले होते. बाकी सारे तसेच होते. दिवा एकाला लागतो तेवढाच दोघांना लागतो, फरशी पुसायला तेवढाच वेळ लागतो, पहारेकरी रात्री तेवढाच जागतो. बिल उतरले होते ते जेमतेम जेवणाच्या पैशांनी, आणि तिकडे पेन्शन मात्र पुष्कळ उतरले होते. नऊ महिन्यांनी जाऊबाई मुलीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी तुळशीची कुंडी मला दिली. "हिला तिथे गॅलरी नाही," एवढेच म्हणाल्या.

ही गोष्ट ह्यांना ठाऊक होती. पण ती त्यांच्या लेखी भावाच्या मृत्यूची गोष्ट होती. माझ्या लेखी ती त्यानंतरच्या नऊ महिन्यांची होती.

करार वाचायला आम्ही पुन्हा त्या कचेरीत गेलो तो २०२४ च्या सप्टेंबरात. तिथली मुलगी फार गोड बोलणारी होती. मला 'काकू' म्हणे आणि ह्यांना 'सर'. करारावर नाव फक्त ह्यांचे होते. ह्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून वाचायला घेतले. दरवर्षी आकार सहा टक्क्यांनी वाढेल असे एक कलम होते, ह्यांनी त्यावर पेन्सिलीने खूण केली आणि मला सांगितले, "सहा टक्के म्हणजे बारा वर्षांत दुप्पट." मग एक कलम होते की रहिवाशाला आपली कामे आपण करता येईनाशी झाली तर तो दुसऱ्या विभागात जाईल किंवा स्वतःच्या खर्चाने मदतनीस ठेवील. त्यावरही खूण झाली. 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ मला तिथे कळला. जोवर आपण आपल्या पायांनी पंगतीला जातो, तोवर ते स्वतंत्र राहणे. जाता येईनासे झाले की दर निराळा.

वाचन संपले. हे म्हणाले, "तुला काही विचारायचे आहे?" हे ते दरवेळी विचारतात, आणि मी दरवेळी नाही म्हणते. त्या दिवशी मी म्हटले, "हो."

मी त्या मुलीला विचारले, "हे गेल्यावर मी इथे राहू शकेन का? याच दराने? आणि अनामत कुणाची?"

ती मुलगी गोंधळली. तिने कराराची पाने चाळली. मग ह्यांच्याकडे पाहिले, जणू काही उत्तर ह्यांनी द्यायचे होते. हे खिडकीबाहेर पाहत होते. भिंतीवरचे घड्याळ मला इतका वेळ ऐकू आले नव्हते, ते ऐकू येऊ लागले. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्या मरणाचा शब्द ह्यांच्यासमोर कधी काढला नव्हता. आणि काढला तो एका परक्या मुलीच्या टेबलाशी, पैशाच्या संदर्भात. माझ्या आईने ऐकले असते तर तिने देवापुढे नाक घासायला लावले असते. मुलगी म्हणाली, "काकू, विचारून सांगते. असे कुणी पहिल्यांदाच विचारतंय."

परतताना रिक्षात हे एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. चोपन्न पायऱ्या आम्ही एकामागून एक चढलो. रात्री जेवण झाल्यावर मी ओटा आवरून आले, तर हे दिव्याखाली बसले होते, समोर कागद होता, आणि कागदावर वर मधोमध माझे नाव होते. त्याखाली, त्यांच्या त्या नेहमीच्या वळणदार अक्षरात: एकटीचा हिशेब.

मी शेजारी बसले. हे मान वर न करता म्हणाले, "निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या निम्मे असते. कुटुंब निवृत्तिवेतन तीस टक्के. म्हणजे माझ्या बावन्न हजारांचे तुला एकतीस हजार दोनशे मिळणार." माझ्या गळ्याशी काहीतरी आले. पण हिशेबाला बसलेल्या माणसाला मध्येच थांबवू नये, हे मी माझ्याच वहीपाशी शिकले आहे. मी म्हटले, "पुढे?"

पुढे असे निघाले. एकतीस हजार दोनशे, भाडे वीस हजार, व्याज १०,२५०, जमा ६१,४५०. खर्चात सेवा ३४,०००, जेवण ९,०००, वीज दोन हजार, औषधे पाच हजार, जुन्या ब्लॉकचे तीन, किरकोळ सहा, एकूण ५९,०००. शिल्लक दोन हजार साडेचारशे. "आणि पडलीस तर?" हे म्हणाले. चोवीस तासांची बाई ठेवायची तर त्या वेळी आम्हाला महिना २४,००० रुपये सांगितले होते. म्हणजे दरमहा साडेएकवीस हजारांची तूट. जाऊबाईंचे नऊ महिने कुठून आले ते त्या कागदावर स्वच्छ दिसत होते.

हे बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी दोघांचा हिशेब केला. दोघांचा हिशेब म्हणजे माझा हिशेब होता."

यावर काय बोलायचे? मी चहा टाकला.

त्यानंतरच्या महिन्यात ह्यांनी शक्य तेवढ्या वाटा धुंडाळल्या. सदाशिव पेठेतला ब्लॉक मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यावा आणि त्याने दरमहा पैसे पाठवावेत, अशी एक सूचना नात्यातून आली. वकील म्हणाले, मृत्युपत्र जरूर करा, बक्षीसपत्राची घाई करू नका. २००७ सालच्या कायद्याने, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मागता येते; पण पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करायची वेळ ज्याने येईल तो कागद मुळात लिहावाच कशाला? मुलगा देव आहे, पण देवावरही पेन्शन लिहून ठेवू नये. घर बँकेकडे उलट गहाण ठेवण्याची सोय आहे; बँक दरमहा पैसे देते आणि आपल्या हयातीत फेड मागत नाही. पण त्यासाठी त्याच घरात राहावे लागते. आम्हाला तर तिथूनच उठायचे होते. दवाखान्याचे म्हणाल, तर त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस सत्तरीपुढच्या सर्वांसाठी आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली, मिळकतीची अट न घालता. आम्ही दोघांनी कार्डे काढून घेतली. पण ती सोय इस्पितळात पडल्यावरची. घरी पडून असलेल्या माणसाला पाणी पाजणाऱ्या हाताचा पैसा कुठलीच योजना देत नाही, आणि म्हातारपणातला मोठा खर्च नेमका तोच.

शेवटी उत्तर निघाले ते डोंगर सोडून. त्याच वसाहतीत मागच्या बाजूला एका खोलीचा ब्लॉक होता. अनामत दहा लाख, सेवा २६,०००. सज्जा आहे, पण सज्जातून दिसतो तो वाहनतळ आणि एक शिरीषाचे झाड. अनामतीचे पंधरा लाख वाचले. ते काय करायचे हे मी विचारले, तेव्हा हे म्हणाले, "बघू." कराराच्या बाबतीत मात्र आम्ही दोघे हटून बसलो. नावे दोघांची, एक गेल्यास दुसऱ्याने त्याच दराने, नवी अनामत न भरता राहायचे, दुसऱ्यालाही सोडायचे झाले तर नव्वद दिवसांत अनामत परत, आणि हे सारे नोंदणी केलेल्या कागदावर. त्या मुलीने वरिष्ठांना विचारले. दोन आठवड्यांनी कलम आले. तिने मला हळूच सांगितले, "काकू, आता हे कलम सगळ्यांच्या करारात घालणार आहेत." सदतीस वह्या लिहिल्याचे सार्थक झाले असे मला त्या क्षणी वाटले, हे कबूल करते.

मग दिवाळी आली. जुन्या घरातली शेवटची. मुलगा आणि मुलगी दोघेही आली होती. मुलगा थोडा रुसलेला होता. फराळाच्या ताटावर म्हणाला, "बाबा, निदान सेवेचे पैसे तरी मला देऊ द्या." ह्यांनी कागद त्याच्यापुढे ठेवला. 'एकटीचा हिशेब' हे नाव वाचून तो गप्प झाला. मग खाली पाहत शेवटपर्यंत वाचला. लहान ब्लॉकचे आकडे त्यात होते: खर्च ५१,०००. मुलीने विचारले, "आणि चोवीस तासांची बाई लागली तर तूट किती येते?" हे म्हणाले, "ते परवा सांगतो." परवा पाडवा होता.

पाडव्याला, २ नोव्हेंबरला, मी ह्यांना ओवाळले. ओवाळणीची आमची एक रीत आहे. पहिल्या पाडव्याला ह्यांनी ताटात अकरा रुपये घातले होते. ते माझ्या पहिल्या वहीत जमेच्या बाजूला आहेत, आणि त्यानंतरची प्रत्येक ओवाळणी आहे. साडी झाली, घड्याळ झाले, एका वर्षी पगार अडला होता तेव्हा नुसता सव्वा रुपया झाला. या पाडव्याला ह्यांनी खिशातून एक पासबुक काढून निरांजनाच्या शेजारी ठेवले. पोस्टाचे. माझ्या एकटीच्या नावाचे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पंधरा लाख.

"पतीपत्नी दोघांना वेगवेगळे खाते उघडता येते, प्रत्येकी तीस लाखांपर्यंत," हे पोरांना सांगू लागले, एखाद्या परिपत्रकासारखे. "ज्या दिवशी ठेवले त्या दिवशीचा दर पाच वर्षे बदलत नाही. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेला व्याज. दर वेळी तीस हजार साडेसातशे. महिन्याला दहा हजार अडीचशे." मग मुलीकडे वळून म्हणाले, "तुझी तूट. एकसष्ट हजार साडेचारशेत हे मिळवले की जमा एकाहत्तर हजार सातशे. खर्च एक्कावन्न. उरले वीस हजार सातशे. बाईचे चोवीस. तूट साडेएकवीस हजारांची तीन हजार तीनशेवर आली. तिच्यासाठी बँकेत पाच लाख निराळे ठेवले आहेत."

कुणीच काही बोलेना. निरांजन माझ्या हातात तसेच होते. मी म्हटले, "पंधरा लाखांची ओवाळणी मी जमेला कशी लिहू? वहीत एवढी जागा नाही."

"लिहू नकोस," हे म्हणाले. "ते मुद्दल. जमेला व्याज लिहायचे." एवढ्या वर्षांत ओवाळणीवर हिशेबाची चूक काढलेली ही पहिलीच वेळ.

यंदाच्या संक्रांतीनंतर आम्ही राहायला आलो. लिफ्ट आहे, पण आम्ही पहिल्या मजल्यावर असल्याने ती क्वचितच लागते. पंगतीतली आमटी पातळ असते. त्यावर रोज चर्चा होते, आणि त्या चर्चेत पन्नास माणसांचा वेळ चांगला जातो. आमटी दाट झाली तर इथली मैत्री विरळ होईल अशी मला भीती वाटते. जाऊबाईंची तुळस सज्जात ठेवली आहे. मागच्या महिन्यात त्या आठ दिवस राहून गेल्या. रोज सकाळी त्यांनीच तिला पाणी घातले. वाहनतळाकडे तोंड करून आम्ही दोघे चहा घेतो. हे एकदा म्हणाले, "डोंगराला काय, तो हलत नाही. इथे निदान कोण कधी गाडी काढतो ते तरी कळते."

तो कागद वहीच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवला आहे. आकडे जुने होत चालले. भत्ता वाढला, सेवेचा आकारही वाढणार, भाडेकरू पुढच्या वर्षी करार नवा करील; व्याज तेवढे जागच्या जागी आहे. आम्ही असे ठरवले आहे की दर पाडव्याला, ओवाळणे झाले की, तो हिशेब दोघांनी बसून नव्याने लिहायचा. आणि लिहून झाला की त्याची पुन्हा एक वर्ष गरज पडू नये, असे मनातल्या मनात म्हणायचे. माझ्या आईला ते देवापुढे नाक घासण्याच्या बदल्यात चालले असते, असे मला वाटते.

पाडवा जवळ आला आहे. मी नवी वही आणून ठेवली. अडतिसावी. ह्यांनी पेन्सिलीला टोक काढून ठेवले आहे.